लॅमिनेशन केलेला चंद्र

आमच्या घरात कागद दिसला की तो प्लास्टिकमध्ये जातो. रेशनकार्ड, आधार, सगळ्यांच्या मार्कशीट, लसीचं प्रमाणपत्र, इतकंच काय, माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा माझ्या सासऱ्यांनी लॅमिनेट करून ठेवली आहे. एकदा त्यांनी गॅसचं पुस्तक लॅमिनेट करून आणलं. ते त्यानंतर कधी उघडलंच नाही. घरी पाहुणे आले की माझा नवरा त्यांना सांगतो, जास्त वेळ एका जागी बसू नका, नाहीतर बाबा तुम्हालाही मशीनमधून काढून आणतील. सगळे हसतात, आणि सगळ्यांत जास्त हसतात ते माझे सासरेच.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. ते नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाले. सौसरमधली कोणती पाइपलाइन कोणाच्या ओट्याखालून जाते हे ते आजही सांगतात, कोणी विचारलं नाही तरी सांगतात. लॅमिनेशनचं त्यांचं वेड मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्यांच्या शाळेचा जुना दाखला पत्र्याच्या पेटीत होता. त्याला वाळवी लागली. इकडे, राज्याच्या सीमेच्या या बाजूला, जातीच्या दाखल्याला पन्नास सालच्या आधीपासूनचा पुरावा मागतात, आणि आमच्या लोकांचे कागद निम्मे नागपूरकडे, निम्मे इकडे. थोरल्या मुलाच्या, म्हणजे माझ्या भासऱ्यांच्या ॲडमिशनच्या वेळी तो दाखला काढायला गेले तेव्हा हातात भुसा आला. ॲडमिशन हुकली. भासरे आज संत्र्यांच्या पॅकिंगवर काम करतात, सुखात आहेत, त्यांना त्याचं काही नाही. मामाजींना आहे. ज्या कागदावर जीव आहे तो उघडा ठेवायचा नाही, हे त्यांनी तेव्हापासून धरलं.

आता माझ्या वेडाबद्दल. मी सौसरजवळच्या एका गावात सरकारी शाळेत विज्ञान शिकवते, आणि अवकाशाची टपाल तिकिटं जमवते. हे लोधीखेड्याला माहेरी असतानाच सुरू झालं. नागपूरच्या एका जत्रेतून मामाने मला परदेशी तिकिटांचं पाकीट आणून दिलं होतं. त्यात मंगोलियाचं एक तिकीट होतं, काचेच्या टोपातला अंतराळवीर आणि मागे निळंशार काहीतरी. मंगोलिया कुठे आहे हे मला माहीत नव्हतं, पण तिथल्या लोकांना अवकाशाचं इतकं पडलंय आणि आपल्याला घराबाहेरच्या नालीचं, याचा मला राग आला होता. मी लहानपणापासून रागीट आहे. हे माझ्या सासरी कोणालाच माहीत नाही.

तिकिटांवरून मी कव्हरांवर आले. नवीन तिकीट निघालं की त्याच दिवशी खास पाकिटावर ते चिकटवून त्यावर चित्राचा शिक्का मारतात, त्याला फर्स्ट डे कव्हर म्हणतात. शिवाय आम्ही जमवणारे लोक आणखी एक करतो. एखाद्या मोठ्या दिवशी स्वतःच पाकिटावर शोभेल असं तिकीट लावतो, स्वतःचाच पत्ता लिहितो आणि पोस्टात देतो. त्या तारखेचा, त्या गावाचा शिक्का बसून ते आपल्याकडे परत येतं. लोकांना हे विचित्र वाटतं. पोस्टमनने आमच्या गल्लीत सांगून ठेवलं होतं की मॅडम स्वतःलेच पत्र लिहून राहिल्या, आणि शेजारणी बरेच दिवस माझ्याकडे जरा सांभाळून बघत होत्या.

या छंदात कव्हरला हात लावायचा तो चिमट्याने. त्याची किंमत कागद, शाई आणि डिंक जसेच्या तसे राहण्यात असते. घामाचं बोट नको, सेलोटेप नको, स्टेपल तर नकोच. हे मी घरात कधी कोणाला समजावून सांगितलं नाही. कोणी विचारलं की "बघा ना" म्हणायचं आणि अल्बम समोर ठेवून स्वतः जीव मुठीत धरून बसायचं, अशी माझी रीत.

चांद्रयान उतरायचं होतं त्या दिवशी मला शाळेतून निघता येईना. मामाजी पेन्शनच्या कामाने पांढुर्ण्याला चालले होते. मी त्यांच्याकडे उपग्रहाचं जुनं तिकीट लावलेलं पाकीट दिलं आणि म्हटलं, पोस्टात शिक्का तेवढा नीट मारायला सांगा. मामाजींनी ते मनावर घेतलं. ते काउंटरवर उभे राहिले. शिक्क्याला शाई कमी आहे म्हणून त्यांनी आधी रद्दी कागदावर मारून दाखवायला लावलं, मागे रांग खोळंबली, कोणीतरी ओरडलं, पण शिक्का बसला तो असा की तारखेचा आकडा न् आकडा वाचता यावा. संध्याकाळी यान उतरलं तेव्हा ते टीव्हीसमोर म्हणाले, "आपलंबी पाकीट निघालं असंल आता." ते पाकीट दोन दिवसांनी घरी आलं. पुढे थोड्याच दिवसांत पांढुर्णा जिल्हा झाला, आणि त्या पाकिटावरचा माझा "जिल्हा छिंदवाडा" हा पत्ताही जुना झाला. माझ्या सगळ्या संग्रहात त्याच्याइतकं मला दुसरं काही आवडत नव्हतं.

यंदा नागपूरच्या एका हौशी मंडळाने प्रदर्शनात माझी एक फ्रेम, म्हणजे कव्हरं ओळींनी लावलेला उभा फळा, लावायची तयारी दाखवली. मी पहिल्यांदाच कुठे काही मांडणार होते. पृथ्वीवरून चंद्रापर्यंत असा क्रम लावून मी सगळी चांगली कव्हरं काढली आणि आतल्या खोलीतल्या टेबलावर मांडली. दिवस दमट होते. जेवताना मी म्हणून गेले की या हवेची भीती वाटते, बुरशीचे ठिपके आले तर सगळंच वाया जाईल. एवढं बोलून मी दुसऱ्या दिवशी ट्रेनिंगसाठी छिंदवाड्याला गेले.

परत आले तर मामाजी दारातच उभे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यापासून ते कोणाची वाट पाहत दारात उभे राहत नाहीत, त्या दिवशी होते. मला त्यांनी चप्पलसुद्धा नीट काढू दिली नाही. टेबलाजवळ नेलं आणि म्हणाले, "पाह्य पोरी. आता पान्यात टाकलं तरी काई होत नाही याले."

टेबलावर माझी कव्हरं चकाकत होती. सगळी. जाड प्लास्टिकमध्ये, कडक, ताट वाजवावं तशी वाजतील इतकी कडक.

"सौसरच्या मशीनवर बुडबुडे येते," ते सांगत होते, "म्हून पांढुर्ण्याले गेलतो. शनिवार होता, जामसांवलीच्या देवाले जानाऱ्यायनं बस भरली होती, उभ्यानं गेलो. पन मांडीवर... म्हंजे छातीशी धरून नेले. जाड प्लास्टिक घेतलं. त्यानं कोपरे गोल करून देले, कोनाले टोचाले नाही पाह्यजे." चांद्रयानाचं पाकीट त्यांनी सगळ्यांत वर ठेवलं होतं.

गरम मशीनमध्ये प्लास्टिकचा डिंक वितळतो आणि कागदात शिरतो. तो परत निघत नाही. हे मला त्या क्षणी माहीत होतं, आणि मला असा संताप आला की वाटलं आता तोंडातून काय निघेल याचा नेम नाही. तोंडातून निघालं ते हे:

"छान झालं, मामाजी."

ते खूश झाले. मी हात-पाय धुवायला म्हणून न्हाणीत गेले, नळ सोडला आणि रडले. नवऱ्याला रात्री सांगितलं तर तो म्हणाला, "बाबाले सांगून दे ना सरळ." मी म्हटलं, नको, त्यांना वाईट वाटेल. हे म्हणताना मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं, ते इथे लिहून ठेवते.

कारण हीच तर माझी ख्याती. सासरच्या सगळ्या नातेवाइकांत माझं नाव निघालं की एकच गोष्ट सांगतात, सून कशी, आजवर आवाज चढवला नाही. माझी नणंद माहेरी आली की पहिल्या दिवशी बापाशी भांडते, दुसऱ्या दिवशी अबोला, तिसऱ्या दिवशी दोघं एका ताटात जेवतात. मी ते बघायची आणि मनात म्हणायची, माझं बाई असं नाही.

प्रदर्शनातून नाव काढून घ्यावं असं फार वाटलं. पण मामाजींनी तोवर अख्ख्या मोहल्ल्यात सांगितलं होतं, आणि ते स्वतः माझ्याबरोबर येणार होते. दीक्षाभूमीला जाताना घालतात तो पांढरा सदरा त्यांनी इस्त्री करून ठेवला. अल्बममध्ये उरलेली, लॅमिनेट न झालेली साधी कव्हरंच मांडावी तर ते विचारणार, माह्ये कुठी हायत म्हणून. एका दुपारी घरी कोणी नसताना मी एका स्वस्तातल्या कव्हरवर इस्त्री फिरवून प्लास्टिक सुटतं का ते पाहिलं. सुटलं. त्याच्याबरोबर तिकिटाचा रंगही सोलून निघाला. मी तो तुकडा चोरासारखा ओट्यामागच्या कचऱ्यात खाली दाबला. शेवटी मी वर अल्बममधली तिकिटं आणि उरलेली कव्हरं, आणि ही चकाकणारी फ्रेमच्या अगदी खालच्या ओळीत लावायचं ठरवलं. लोक गुडघ्यात वाकून कशाला पाहतील, असा हिशेब.

नागपूरचा तो हॉल ट्यूबलाइटनी लखलखत होता. सगळ्यांच्या फ्रेम शांत दिसत होत्या, कागद दिसावा तशा. माझ्या खालच्या ओळीत मात्र प्रत्येक कव्हरावर एकेक ट्यूबलाइट पडली होती. मामाजी फ्रेमशेजारीच उभे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, आमच्या सूनबाईचं हाय. दोन कॉलेजच्या मुली थांबल्या, खालच्या ओळीकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून पुढे गेल्या. मामाजींना वाटलं त्यांना आवडलं. मला जमिनीत जावंसं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ते माझ्या कव्हरांमुळे कमी आणि शेजारी उभ्या असलेल्या पांढऱ्या सदऱ्यामुळे जास्त. ते तिथून थोडे दूर जाऊन बसले तर बरं, असं मला वाटत होतं. मी त्यांना चहासाठी पाठवायचाही प्रयत्न केला. ते म्हणाले, "मी गेलो तं इथं सांगन कोन?"

मग परीक्षक आले. वयस्कर गृहस्थ, हातात भिंग. माणूस वाईट नव्हता, उलट वरच्या ओळींचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. मग ते खाली वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले, आणि उठून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, हे कोणी केलं?"

"मी केलं," मी म्हणाले.

मी लगेच म्हणाले. याचं श्रेय मला घेता आलं असतं. पण ते म्हणायच्या आधी, प्रश्न येताक्षणी, माझी नजर मामाजींकडे गेली होती. मी ती नेली नाही, ती गेली. मामाजींनी ती पाहिली.

परीक्षक माझ्याशीच बोलत राहिले. शाळेतल्या मुलीला समजवावं तसं त्यांनी मला समजवलं. कागदाला श्वास घेऊ द्यायचा असतो, उष्णतेने शाई मरते, हे आता उलटं करता येत नाही. "तुम्ही विज्ञान शिकवता ना?" असंही विचारलं. मग चांद्रयानाच्या पाकिटावर बोट ठेवून म्हणाले, "याचं तर फार वाईट वाटतं. त्याच तारखेचा, छोट्या गावचा इतका स्वच्छ शिक्का बघायला मिळत नाही. कोणीतरी फार काळजीने मारून घेतलेला दिसतो. आणि बघा काय करून ठेवलंत. मेलं हे."

मी "हो सर, चुकलं सर" म्हणत होते. मामाजी फ्रेमकडे पाहत उभे होते. त्यानंतर प्रदर्शन बंद होईपर्यंत त्यांनी कोणालाही काही सांगितलं नाही. चहा आणून दिला तो प्यायले, कप कुठे ठेवायचा ते मला विचारलं.

परतीच्या बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. सावनेर मागे पडलं. मग मामाजी समोर पाहतच म्हणाले, "तो मानूस म्हने, मेलं ते. खरं हाय काय?"

"तसं काही नाही हो. स्पर्धेपुरतं ते."

"पोरी, खरं सांग."

"हो," मी म्हटलं.

"तुले त्याच दिवशी समजलं होतं?"

"हो."

"मंग बोलली काहून नाही?"

तुम्हाला वाईट वाटलं असतं, हे उत्तर माझ्याजवळ तयार होतं, नवऱ्याला तेच दिलं होतं. पण हॉलमधली माझी नजर आम्हा दोघांच्या मध्ये बसली होती आणि तिच्यासमोर ते काढायची मला लाज वाटली.

"माई पोरगी असती," मामाजी म्हणाले, "तं घर डोक्यावर घेतलं असतं तिनं. मले जेवू देलं नसतं. तू म्हनली, छान झालं मामाजी." मग म्हणाले, "मी तुया चिजेले हात लावला, तं इचारलं नाही. आपल्याच घरातलं हाय म्हून. चुकलं माहं. पन तू मले पाहुना समजून राहिली, हे मले आज समजलं."

मी मान खाली घातली. ते अगदी हळू बोलत होते, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. माझी इभ्रत ते बसमध्येही सांभाळत होते.

"आता बोल," ते म्हणाले. "राग आला असंल तं आता बोलून घे. मी ऐकतो."

आणि मला राग होता. अजून होता, तसाच्या तसा. चिमट्याने धरायच्या वस्तू तुम्ही न विचारता नेल्याच कशा, मी इतकी वर्षं जपलेलं एका दुपारी संपवलंत, असं म्हणायला शब्द ओठांपर्यंत आले होते. मी ते म्हटलं असतं तर ते ऐकून घेणार होते. कदाचित उलट बोलले असते, मी रडले असते, सौसर येईपर्यंत बसमधल्या लोकांनी तमाशा पाहिला असता, आणि घरी जाऊन आम्ही एकत्र जेवलो असतो.

"जाऊ द्या ना, मामाजी," मी म्हणाले. गोड आवाजात.

त्यांनी "बरं" म्हटलं आणि खिडकीकडे वळले.

मला आजवर पुष्कळ गोष्टींची लाज वाटली आहे, गरिबीची, नालीची, स्वतःलाच पत्र पाठवण्याची. त्या सगळ्या दुसऱ्यांनी वाटायला लावलेल्या होत्या. या "जाऊ द्या ना" ची लाज मला कोणी वाटायला लावली नाही. ज्याला मी चांगुलपणा समजत होते, तो एका म्हाताऱ्या माणसाला घराच्या उंबऱ्यावर उभं ठेवण्याचा प्रकार होता, आणि त्याने आत येऊ का म्हणून विचारलं तेव्हाही मी तेच केलं.

घरात आता सगळं ठीक आहे. कोणी कोणावर रागावलेलं नाही. नवरा पाहुण्यांना तो जुना विनोद सांगत नाही, कारण मामाजींनी लॅमिनेशन सोडलं. वीजबिल आलं की ते माझ्याकडे आणून देतात. आतल्या खोलीत माझं टेबल आहे, तिथे यायच्या आधी ते दारावर टकटक करतात. ही खोली त्यांनी नोकरीत असताना स्वतः उभं राहून बांधून घेतली आहे. मी दर वेळी "या ना, मामाजी" म्हणते आणि ते दर वेळी दारातूनच बोलून जातात.

परवा त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी चुकून माझ्या टेबलावर राहिली होती. मी वह्या तपासत बसले होते. ते दारात आले, थांबले, आणि म्हणाले, "पोरी, थे गोया माह्या हायत. घेऊ काय?"